पैलवानाचे मोडलेले कान मुलाकडे का येत नाहीत

आपण लिहिले आहे की आपले आजोबा, वडील आणि आपण स्वतः अशा तीन पिढ्या कोल्हापूरच्या तालमीत घडल्या, आणि आता आपला साडेचार वर्षांचा मुलगा हौद्याच्या काठावर बसून मोठ्यांची मेहनत पाहतो. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. तीन पिढ्यांच्या कसरतीमुळे मुलाचे शरीर जन्मतःच अधिक बळकट झाले असेल का? तसे नसेल, तर निसर्गनिवड शरीर घडवते असे म्हणतात ते नेमके कसे? आणि ती खरोखर शरीर घडवत असेल, तर कंबरदुखीसारखी कमजोरी तिने का राहू दिली? मी गेली तीस वर्षे कोल्हापुरात अस्थिरोग आणि खेळाडूंच्या दुखापती यांवर उपचार करत आहे, त्यातली बरीच वर्षे शरीररचनाशास्त्रही शिकवले आहे. हा प्रश्न मला तालमीतल्या वस्तादांनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी सारख्याच उत्सुकतेने विचारलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचा पुरावा कोणत्याही जुन्या पैलवानाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसतो. कुस्तीत कान प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला, मांडीला आणि मातीला सतत घासला जातो. कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिच्यावर घट्ट बसलेल्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. मार बसला की हे आवरण सुटते आणि मधल्या फटीत रक्त साचते. ते वेळीच सुईने काढून वर दाबपट्टी बांधली नाही, तर कूर्चेचा तेवढा भाग मरतो आणि त्या जागी टणक, ओबडधोबड ऊती भरते. कान मग आयुष्यभर मोडलेलाच राहतो. असे कान अभिमानाने मिरवणारी कितीतरी घराणी या शहरात आहेत. तरीही त्यांतल्या एकाही घरात मोडलेल्या कानांचे बाळ जन्माला आलेले नाही. आपल्या आजोबांचे कान मोडले, वडिलांचे मोडले, तरी आपण जन्माला आलात तेव्हा आपले कान गुळगुळीतच होते. कान टोचण्याची रीत तर याहूनही जुनी आहे. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण भाषेत रुजली, पण टोचलेले भोक काही वंशात उतरले नाही. प्रत्येक पिढीला सोनाराकडे नव्याने जावे लागते.

जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच उंदरांवर तपासले होते. त्यांनी पाच पिढ्यांतील उंदरांच्या शेपट्या कापल्या, आणि त्या आईबापांना झालेल्या ९०१ पिल्लांत एकही पिल्लू आखूड शेपटीचे निघाले नाही. त्यांनी यामागचे जे कारण मांडले, ते मुख्य मुद्द्यापुरते आजही टिकून आहे. पुढच्या पिढीत जातात त्या फक्त बीजपेशी, म्हणजे पुरुषाचे शुक्राणू आणि स्त्रीचे अंडे. आपण पहाटे हजार जोर मारता तेव्हा दंडाच्या आणि छातीच्या स्नायूपेशी जाड होतात, त्यांत प्रथिनांचे धागे वाढतात. पण त्या पेशी आपल्याबरोबरच संपतात. दंड किती फुगला याचा हिशेब बीजपेशीतल्या जनुकांत नोंदवणारी कोणतीही व्यवस्था शरीरात नाही. आईबापांच्या आहाराचे आणि आजारांचे काही परिणाम गर्भावर होतात, आईच्या उपासमारीचे तर निश्चितच होतात. परंतु ‘बापाने कमावलेला दंड मुलाला मिळाला’ असे म्हणण्याइतका आधार त्यातून मिळत नाही.

आपली कल्पना चुकीची असली तरी अडाणीपणाची मुळीच नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्सच्या लामार्क यांनी १८०९ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली, आणि १८५९ मध्ये निसर्गनिवडीचा सिद्धांत विस्ताराने मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांनाही वापराने कमावलेले गुण काही अंशी पुढे जात असावेत असे वाटत होते. आनुवंशिकतेची यंत्रणाच तेव्हा त्यांना ठाऊक नव्हती.

मग निसर्गनिवड करते काय? ती समजावताना मी विद्यार्थ्यांना रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभी असलेली म्हैस पाहायला सांगतो. कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर या पट्ट्यातली पंढरपुरी म्हैस तिच्या शिंगांवरून लगेच ओळखू येते. तलवारीसारखी लांब शिंगे मागे खांद्यापलीकडे गेलेली असतात. कोणत्याही गवळ्याने शिंगे ओढून लांब केली नाहीत, आणि ओढली असती तरी तिच्या रेडकाला त्याचा काही उपयोग झाला नसता. गवळ्यांच्या पिढ्यांनी एवढेच केले की कळपात जन्मतःच असलेल्या फरकांतून, म्हणजे दूध, स्वभाव, बांधा, शिंगे यांतून, मनासारखी जनावरे वंशासाठी राखली आणि बाकीची विकली. म्हशींत फरक होते, ते फरक वंशाने पुढे जाणारे होते, आणि कोणाची रेडके पुढे राहणार हे त्या फरकांवर ठरत गेले. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काही पिढ्यांनी कळपाचे रूप पालटते. निसर्गातही याच तीन गोष्टी असतात. फक्त तेथे गवळी नसतो. दुष्काळ, थंडी, रोग, भक्षक आणि अन्नाची टंचाई यांतून कोणाची पिल्ले जगली आणि कोणाची नाही, एवढाच हिशेब मागे उरतो. म्हणूनच ‘निवड’ या शब्दाने थोडी फसगत होते. तेथे निवडणारा कोणीही नाही, आणि पुढच्या पिढीला काय लागेल याचा विचारही नाही.

ही गोष्ट डोळ्यांदेखत घडताना मोजली गेली ती पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या लहानशा बेटावर. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांना कडी घालून, एकेका पक्ष्याची चोच कॅलिपरने मोजून नोंदी ठेवल्या. १९७७ मध्ये तेथे पाऊस जवळजवळ झालाच नाही. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी आधी संपवल्या, आणि उरल्या त्या मुख्यतः एका काटेरी वनस्पतीच्या कठीण बिया. ही वनस्पती आपल्या सराट्याच्या कुळातली आहे. माळरानावरून अनवाणी चालताना सराटा ज्यांच्या टाचेत रुतला आहे, त्यांना त्या फळाचे कवच किती टणक असते हे सांगायला नको. मध्यम आकाराच्या ज्या भूमिफिंचचा हा अभ्यास होता, त्यांतल्या जाड चोचीच्या पक्ष्यांना ते कवच फोडता येत होते. बारीक चोचीचे पक्षी खटपट करून सोडून देत. बाराशेच्या आसपास असलेल्या या पक्ष्यांपैकी दोनशेहूनही कमी जगले. जगलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली, आणि पुढच्या हंगामात त्यांची पिल्लेही जाड चोचीचीच निघाली.

या गोष्टीत आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. सराटे फोडून फोडून कोणत्याही पक्ष्याची चोच जाड झाली नाही. प्रत्येक पक्षी मेला तो आपल्याच चोचीनिशी आणि जगला तोही आपल्याच चोचीनिशी. बदलली ती चोचींची सरासरी, कारण बारीक चोचीचे पक्षी हिशेबातून गळाले. व्यक्ती उत्क्रांत होत नाही, समूह उत्क्रांत होतो, असे आम्ही वर्गात सांगतो ते याच अर्थाने. या गोष्टीचा पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत, पण मला तो तितकाच मोलाचा वाटतो. १९८३ मध्ये त्याच बेटावर प्रचंड पाऊस झाला, वेलींनी सगळे झाकून टाकले, बारीक बियांचा सुकाळ झाला. आणि त्यानंतरच्या दिवसांत लहान चोचीचे पक्षी जास्त टिकले. जाड चोच ही ‘प्रगती’ नव्हती. ती एका वर्षाच्या हवामानाला दिलेले उत्तर होते.

आता माणसाच्या शरीराकडे येतो, कारण येथे दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते. शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी हे गाव घरोघरच्या जवानांसाठी ओळखले जाते. तेथला एखादा जवान लेहला पोहोचला की त्याला आधी काही दिवस विश्रांती देऊन, मग टप्प्याटप्प्याने वर नेतात. लेहची उंची सुमारे ३५०० मीटर आहे, आणि तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांशच असतो. पहिल्याच दिवसापासून जवानाचा श्वास जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातली आम्लता सावरून घेतात, आणि पुढच्या आठवड्यांत अस्थिमज्जा अधिक तांबड्या पेशी तयार करून हिमोग्लोबिन वाढवते. तोच जवान रजेवर गावी आला की काही आठवड्यांत हिमोग्लोबिन पुन्हा पहिल्या पातळीवर येते. याला सरावाने जुळवून घेणे म्हणावे. ते एका शरीरात, एका आयुष्यात घडते आणि उलटते, आणि त्याच्या मुलाला त्यातले काहीही वारशाने मिळत नाही. आपले जोर-बैठकांनी कमावलेले शरीर याच वर्गात मोडते.

तिबेटच्या पठारावर हजारो वर्षे राहणाऱ्या लोकांचे शरीर मात्र निराळे आहे, आणि ते ज्या दिशेने निराळे आहे ती पाहून पहिल्यांदा आश्चर्य वाटते. चार हजार मीटरवर राहूनही बहुतेक तिबेटी लोकांचे हिमोग्लोबिन फारसे वाढलेले नसते; ते जवळपास आपल्यासारखेच असते. हिमोग्लोबिन खूप वाढले की रक्त दाट होते, हृदयावर ताण येतो, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि गरोदरपणात गर्भाला रक्तपुरवठा कमी पडतो. जवानाच्या शरीराने योजलेला उपाय काही महिन्यांपुरता ठीक असतो, जन्मभरासाठी तो महाग पडतो. तिबेटी लोकांत ईपास-वन नावाच्या जनुकाची एक आवृत्ती मोठ्या प्रमाणावर आढळते, जी कमी प्राणवायूला रक्त दाट करून प्रतिसाद देण्याची शरीराची धडपड आवरून धरते. ही आवृत्ती सैबेरियातल्या गुहेतील अवशेषांवरून ओळखल्या गेलेल्या डेनिसोव्हन या लुप्त मानवसमूहाकडून संकरातून आली, असे २०१४ मध्ये दाखवले गेले. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोकही पिढ्यान्पिढ्या तितक्याच उंचीवर राहतात, पण त्यांचे हिमोग्लोबिन वाढलेले असते आणि त्यांच्यात दाट रक्ताचा आजारही अधिक दिसतो. संकट एकच असूनही दोन लोकसमूहांना दोन वेगळे मार्ग सापडले, कारण निवड जे फरक हाताशी असतील त्यांतूनच होते. हवा तो फरक मागवून घेण्याची सोय तिच्यापाशी नाही.

तिबेटी स्त्रियांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या रक्तात प्राणवायूचे प्रमाण आनुवंशिक कारणांनी जास्त होते, त्यांची मुले लहानपणी कमी दगावली. निसर्गनिवडीचा काटा तो हाच. कोण किती बलवान, कोण किती देखणा, कोण किती वर्षे जगला यांना त्या काट्यावर स्वतंत्र वजन नाही. जगून पुढे मुलेबाळे होणारी किती संतती मागे राहिली, एवढेच त्यात मोजले जाते.

या काट्यावर पैलवानकीचा विचार केला तर काय दिसते? तालमीची जुनी शिस्त म्हणजे लंगोट बांधल्यावर ब्रह्मचर्य, लग्न उशिरा, आणि ऐन उमेदीची वर्षे मातीत. पैलवानांना इतरांपेक्षा जास्त मुले व्हावीत असे या परंपरेत काहीच नव्हते. झालाच असेल तर परिणाम उलटा झाला असेल. शिवाय तीन पिढ्या म्हणजे उत्क्रांतीच्या दृष्टीने फारच थोडा काळ. फिंचच्या चोची एका हंगामात बदलल्या, कारण सातांतले सहा पक्षी मेले होते. एवढी भयंकर छाटणी तालमीत होत नाही, आणि होऊही नये.

मात्र ‘पैलवानाचा मुलगा पैलवान’ हे आपण गावोगाव पाहतो, आणि तो निव्वळ भास नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्नायूंच्या ताकदीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे दिसते. परंतु ते जनुक आजोबांनी जोर मारून मिळवले नव्हते, त्यांच्यापाशी ते जन्मापासून होते. तालमीत त्यांच्याबरोबर दाखल झालेली पोरे कितीतरी असतील. वस्तादाने त्यांतून आजोबांना हेरले आणि खुराक देऊन वाढवले, कारण त्यांचे अंग मेहनतीला चटकन प्रतिसाद देत होते. कसरतीने ते जनुक उघडकीला आणले, निर्माण केले नाहीत. उरलेला निम्मा भाग घरात पहाटे पेटणारा दिवा, दूध-तूप-बदामाची सवय, लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेले डाव आणि चुकले तर रागावणारा बाप यांचा आहे. मुलाला हे सगळे मिळते, पण ते रक्तातून मिळत नाही.

येथे आपण न विचारलेला, पण मला फार महत्त्वाचा वाटणारा एक प्रश्न उभा राहतो. बळ इतके उपयोगाचे असेल, तर निसर्गनिवडीने सगळ्यांनाच पैलवान का केले नाही? स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन आपल्या प्रत्येकाच्या शरीरात असते. त्याचे जनुक १९९७ मध्ये उंदरांत ओळखले गेले. ते बंद पाडल्यावर उंदरांचे स्नायू दुपटी-तिपटीने वाढले. बेल्जियन ब्लू या गोवंशात हेच जनुक बिघडलेले असते, आणि ती जनावरे दगडातून कोरल्यासारखी दिसतात. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका मुलाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. जन्मतःच त्याच्या मांड्या आणि दंड भरलेले होते, आणि साडेचार वर्षांचा असताना तो दोन्ही हात आडवे ताणून प्रत्येकी तीन किलोची दोन डंबेल्स धरून ठेवू शकत होता. मायोस्टॅटिनच्या जनुकाच्या त्याच्यातल्या दोन्ही प्रती, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, बिघडलेल्या होत्या.

म्हणजे अधिक बळ देणारा बदल अशक्य नाही. तो अधूनमधून घडतोही. तो सर्वत्र पसरलेला नाही याचा अर्थ त्याची किंमत भारी आहे. बेल्जियन ब्लू गायींची वासरे इतकी भरलेली असतात की प्रसूतीसाठी वारंवार पोट उघडावे लागते. माणसाची मदत नसती तर तो वंश टिकलाच नसता. स्नायू नुसता बाळगायलाही अन्न लागते. विश्रांतीतही एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खातो. वीस किलो जास्तीचा स्नायू म्हणजे, काही न करता, रोजची भाकरी-दीड भाकरी. सुकाळात हे काहीच नाही. पण १८७६ ते १८७८ चा दुष्काळ या दख्खनने सोसला आहे, १९७२ चा आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, आणि त्यामागे हजारो वर्षे असे दुष्काळ येतच राहिले होते. अशा वेळी ज्याचे अंग कमी खाऊन तग धरते त्याची मुले वाचतात. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, मल्लांच्या खुराकाची सोय लावली. हा आश्रय पैलवानाच्या शरीराला लागतोच, कारण ते शरीर माणसाच्या जुन्या अर्थकारणात बसणारे नव्हे.

मेहनत सोडली की दंड उतरतो, याची खंत करणारे कितीतरी माजी मल्ल माझ्यासमोर बसलेले आहेत. त्यांना मी सांगतो की ही शरीराची काटकसर आहे. गरज असेल तेव्हा स्नायू वाढवणे आणि नसेल तेव्हा उतरवणे, ही क्षमताच निसर्गनिवडीने आपल्याला दिलेली आहे. त्या अर्थाने आपले पहिले अनुमान अर्धे बरोबर ठरते. आपल्या मुलाला वारशाने तयार दंड मिळालेला नाही, पण मेहनतीला उत्तर देणारे शरीर मिळालेले आहे. ते मात्र तालमीत कधीही न गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलालाही मिळालेले आहे, कमी-अधिक प्रमाणात.

पुन्हा दुधाकडे वळतो, कारण माणसाने स्वतःच्या राहणीने स्वतःवर निवडीचा दाब कसा आणला याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांत दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर भरपूर असते आणि दूध तुटल्यावर ते आटते. माणसांतही बहुसंख्य प्रौढांत ते आटतेच. गेल्या दहा हजार वर्षांत, दुभती जनावरे पाळणाऱ्या समाजांत, लॅक्टेजच्या जनुकाला चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यात एका अक्षराचा बदल पसरला आणि तो ज्यांच्यात होता त्यांना मोठेपणीही दूध पचू लागले. भारतात आढळणारा बदल बहुतांशी युरोपातल्यासारखाच आहे, आणि वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे येताना त्याचे प्रमाण घटत जाते. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांत त्याच पट्ट्यातले दुसरेच बदल आढळले. म्हणून कट्ट्यावर शेजारी-शेजारी उभे राहून धारोष्ण दुधाचा पेला रिकामा करणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाला शांत झोप लागते आणि दुसऱ्याचे पोट रात्रभर गुरगुरते. दुसऱ्याने ‘सवय होईल’ म्हणून हट्ट धरला तर आतड्यातल्या जिवाणूंमुळे त्रास थोडा कमी होऊ शकतो, पण आटलेले लॅक्टेज परत येत नाही. अशा मुलांवर खुराकाच्या नावाखाली लिटरभर दुधाची सक्ती करू नये, ही माझी वस्तादांना कळकळीची विनंती असते. दही आणि ताक त्यांना सहसा चालते.

तिसरा प्रश्न कमजोरीचा. त्यासाठी आपण एक प्रयोग आताच करून पाहावा. तळहात वर ठेवून अंगठ्याचे आणि करंगळीचे टोक एकमेकांना लावा आणि मनगट किंचित आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहते. ही पाल्मारिस लाँगस या स्नायूची कंडरा. जगभर कितीतरी माणसांच्या एका तरी हाताला ती नसते, आणि तिच्यावाचून त्यांचे काहीही अडत नाही. हातातली दुसरी कंडरा तुटली तर आम्ही शस्त्रक्रियेत हीच काढून तेथे वापरतो. अतिशय पक्की पकड असलेल्या काही मल्लांच्या मनगटात ती नसल्याचे मी स्वतः पाहिले आहे. एखादा अवयव असून फायदा नाही आणि नसून तोटा नाही, अशा ठिकाणी निवडीला धरायला काही उरत नाही. मग तो अवयव कोणाला असतो, कोणाला नसतो, आणि तसाच चालत राहतो.

कंबरेचे कारण वेगळे आहे. टांझानियातल्या लाएतोली येथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेले दोन पायांवर चालणाऱ्यांचे ठसे सुमारे ३६ लाख वर्षांचे आहेत. त्या आधीचे आपले पूर्वज झाडांवर वावरणारे होते, आणि त्यांचा कणा शरीराचे सारे वजन उभे तोलण्यासाठी बनलेला नव्हता. निसर्गनिवड जुने घर पाडून नवे बांधत नाही. माणसे राहत असतानाच भिंत हलवते. कण्याला कंबरेशी आत वळवून तोल छातीखाली आणि पायांवर आणला गेला, आणि त्याचा भार खालच्या दोन चकत्यांवर, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधल्या आणि पाचव्या मणक्याखालच्या चकतीवर सर्वांत जास्त पडला. माझ्याकडे कंबर धरून येणाऱ्या ऊसतोड कामगाराची, शिक्षकाची आणि पैलवानाची चकती बहुधा याच दोन जागी सरकलेली असते. चालणारे मोकळे हात आणि दुखणारी कंबर यांचा सौदा तरीही फायद्याचा ठरला, कारण चकती त्रास देऊ लागते तोवर बहुतेकांना मुले झालेली असतात आणि निवडीच्या काट्यावरचे वजन झालेले असते. उतारवयाच्या बहुतेक दुखण्यांचे कारण मला येथेच दिसते.

शेवटी आपल्या मुलाविषयी एक गोष्ट. आपल्या पत्रात वडिलांच्या बाजूच्या तीन पिढ्या नावनिशी आहेत, पण मुलाच्या आईच्या घराण्याविषयी एक शब्दही नाही. तिच्या घरातली बायकामाणसे तालमीची पायरी चढली नाहीत, त्यांना ती चढू दिली जात नव्हती, म्हणून त्यांचे बळ कोणी मोजले नाही. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्या आजीच्या मांड्यांची नोंद कोणत्याच मैदानाच्या फलकावर नसते. परंतु मुलाच्या पेशींत जनुकांच्या जवळजवळ सर्व जोड्यांत एक प्रत आपली आणि एक तिची आहे. ज्या जर्मन मुलाविषयी वर लिहिले, त्याच्या आईच्या एका प्रतीतही तोच बिघाड होता, आणि ती व्यावसायिक धावपटू होती. तेव्हा मुलाचे अंग पुढे कशाला प्रतिसाद देईल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर त्याच्या आजोळी जाऊन तिथल्या मामांचे आणि आजीचे खांदे, मनगट आणि चालण्याचा दम एकदा नीट पाहून या, आणि मग मला पुन्हा लिहा.